वर्गातील काटेकोरपणा



एखादी शाळा ‘कडक’ आहे असे कौतुकाने म्हटले जाते, तेव्हा बहुधा तीन गोष्टी अभिप्रेत असतात : वर्गातील शांतता, भरपूर गृहपाठ आणि अवघड प्रश्नपत्रिका. या गोष्टी बाहेरून दिसतात, म्हणून त्यांची मोजदादही सोपी असते. परंतु या तिन्ही असूनही अध्यापन सैल असू शकते. अभ्यासातील काटेकोरपणा ओळखावयाचा असेल, तर विद्यार्थ्याने उत्तर दिल्यानंतर वर्गात काय घडते, ते पाहावे.

एक साधे उदाहरण घेता येईल. फळ्यावर ०.५ आणि ०.२५ या संख्या लिहून मोठी कोणती असे विचारले, तर अनेक मुले ०.२५ असे सांगतात. पंचवीस हे पाचाहून मोठे, हा त्यामागील तर्क. ‘चूक’ एवढेच म्हणून शिक्षक पुढे गेले, तर वेळ वाचतो. पण तो तर्क मुलाच्या मनात तसाच राहतो. दुसऱ्या मुलाने ०.५ सांगितले आणि शाबासकी मिळवली, तरी काम संपत नाही. ज्या संख्येत अंक कमी ती मोठी, अशी त्याची समजूत असू शकते. तेच मूल पुढे ०.३ आणि ०.४५ यांत फसते. म्हणून काटेकोर शिक्षक दोघांनाही एकच प्रश्न विचारतात : ‘कशावरून?’ मग मीटरपट्टी पुढे येते. ०.५ मीटर म्हणजे ५० सेंटिमीटर आणि ०.२५ मीटर म्हणजे २५ सेंटिमीटर, हे मुले स्वतः मोजतात, नियम आपल्या शब्दांत मांडतात आणि नव्या संख्यांवर तो पडताळून पाहतात.

याचा अर्थ पाठांतर टाकाऊ आहे असा नव्हे. जुन्या शाळांतून पावकी, निमकी, पाऊणकी मुखोद्गत असत व बाजारहाटीत त्यांचा उपयोगही होई. पाढे पाठ असावेतच. मात्र पावकीत विसाचे पाच का होतात, हे ज्याला वीस खडे मांडून दाखविता येते, त्याचेच पाठांतर पक्के म्हणावे.

असे अध्यापन साधनसंपन्न शहरी शाळांनाच परवडते, ही समजूत शेजारच्या मध्य प्रदेशातील एका प्रयोगाने खोटी ठरविली. होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ मध्ये ‘किशोर भारती’ आणि रसूलियाचे ‘फ्रेंड्स रूरल सेंटर’ या संस्थांनी शासनाच्या अनुमतीने १६ ग्रामीण माध्यमिक शाळांत विज्ञान-अध्यापनाचा कार्यक्रम सुरू केला. १९७८ मध्ये तो जिल्ह्यातील सर्व माध्यमिक शाळांत, म्हणजे सहावी ते आठवीच्या वर्गांत पोहोचला. मुले गटागटांनी प्रयोग करीत, निरीक्षणे वहीत नोंदवीत. सर्व गटांचे आकडे फळ्यावर मांडले जात आणि त्यांत फरक का पडला, यावर चर्चा होई. एकच लांबी मोजताना आकडे थोडे वेगळे आले, तर कोणाचा आकडा पुस्तकाशी जुळतो हे न पाहता मोजणी कशी केली हे पाहिले जाई. गावच्या शाळेतील मुलाकडून पुराव्याची अपेक्षा ठेवणे, हा त्या मुलाचा मोठाच सन्मान होता.

या कार्यक्रमाने परीक्षाही बदलली. लेखी परीक्षेत पुस्तक व स्वतःची वही जवळ बाळगण्यास मुभा होती. शिवाय प्रात्यक्षिक परीक्षा असे. पुस्तक उघडे ठेवून लिहावयाचे, म्हणजे प्रश्न विचार करावयास लावणारेच काढावे लागतात. शिक्षकांचे प्रशिक्षण आणि मासिक बैठकी यांची जोड त्यास होती. प्राध्यापक आणि शास्त्रज्ञही या शिक्षकांबरोबर बसून काम करीत. २००२ मध्ये राज्य शासनाने हा कार्यक्रम बंद केला. तीस वर्षे चाललेले कामही शासन आणि समाज यांच्या पाठबळावाचून टिकत नाही, हे त्यावरून ध्यानात येते.

म्हणून ही जबाबदारी एकट्या शिक्षकावर टाकता येणार नाही. पाठ्यक्रम किती पृष्ठांपर्यंत आला, एवढेच तपासणीत विचारले गेले, तर शिक्षक पृष्ठेच संपवतील. केंद्रप्रमुखांनी व विस्तार अधिकाऱ्यांनी चार वह्या उघडून पाहाव्यात : सर्वांची उत्तरे शब्दशः एकच आहेत काय? चुकीवर केवळ फुली आहे, की मुलाने ती पुन्हा सोडविलेली दिसते? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत अशी तरतूद केली आहे. या पालकांनी आणि पंचायत सदस्यांनी निकालाच्या टक्केवारीबरोबर एवढे अवश्य विचारावे, की या महिन्यात मुलांनी स्वतः काय मोजले, काय पडताळले आणि कोणते प्रश्न विचारले.

हीच मुले उद्या ग्रामसभेत बसतील. खर्चाचा आकडा वाचला गेला, की ‘कशावरून?’ असे शांतपणे विचारण्याची सवय त्यांना असेल किंवा नसेल. ती लागावी की नाही, याचा निर्णय आजच्या वर्गात होत आहे.