चाचांचा सट्टा, माझा अभ्यास

विद्यापीठात मी डेरिव्हेटिव्ह्ज आणि जोखीम व्यवस्थापन हा विषय घेतला, तेव्हा चाचा अब्बांना म्हणाले, "पोरीला सट्टा शिकवतोस?" अब्बा गप्प बसले. माझ्याकडेही उत्तर नव्हतं.

ते वर्गात मिळालं. सोयाबीन पेरतानाच शेतकऱ्याने काढणीचा भाव वायद्यात बांधून घेतला, तर भाव कोसळण्याची जोखीम दुसरा उचलतो. याला हेजिंग म्हणतात. आपल्या फिकहमध्ये 'सलम' आहेच: पैसे आधी रोख, माल नंतर, वजन आणि मुदत ठरलेली. वायद्यात पूर्ण पैसे आधी दिले जात नाहीत, म्हणून बरेच उलेमा तो नाकारतात. हा फरक लहान नाही, मी तो झाकणार नाही.

पण सोयाबीनचे वायदे सेबीने डिसेंबर २०२१ मध्ये बंद केले. शेअर बाजारातले चालू राहिले. सेबीचाच अभ्यास सांगतो, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत शेअर्सच्या फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये शंभरातल्या ९३ वैयक्तिक ट्रेडर्सनी पैसे गमावले. म्हणजे ज्याला भावाचं संरक्षण हवं त्याचं दार तेव्हा बंद झालं, आणि मोबाइलवर नशीब आजमावणाऱ्याचं सताड उघडं राहिलं! आपल्या मोहल्ल्यातली पोरं यात आहेत. फतवा विचारून कुणी खातं उघडत नाही.

हे आकडे मी चाचांना दाखवले. बराच वेळ कागद हातात धरून ते म्हणाले, "बेटा, तुझ्या भावाला जरा समजाव."

माझा चुलतभाऊ दोन वर्षं ऑप्शन्स करतोय. घरात फक्त चाचींना माहीत आहे, असं मला वाटत होतं.