डोमेन कुणाच्या नावावर?

बरेच जण विचारतात, "फ्रीलान्स वेब डिझायनर व्हायचंय, आधी काय शिकू?" एचटीएमएल, सीएसएस, वर्डप्रेस हे तर शिकालच. आज मी वेगळ्या गोष्टीबद्दल बोलणार आहे. क्लायंट आपल्याकडे टिकतो तो कशामुळे?

माझी सुरुवात सांगलीतल्या एका डीटीपीच्या दुकानात झाली. लग्नपत्रिका, हँडबिलं, फ्लेक्स. दोन वर्षं दिवसा दुकान आणि रात्री वेबसाइट असं चाललं. महिन्याला तीन कामं यायला लागली, तेव्हा दुकान सोडलं.

त्याच सुमारास दापोलीकडचे एक होमस्टेवाले काका भेटले. आधीच्या डिझायनरने त्यांचं डोमेन स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर घेतलेलं. रिन्यूअलची सूचना त्याच्याच मेलवर जायची आणि तो फोन उचलेना. डॉट कॉमची मुदत संपल्यावरही काही काळ ते सोडवून घेता येतं. शेवटची ३० दिवसांची संधी असते, त्यात जादा पैसे भरावे लागतात. पण हे करू शकतो फक्त खातेदार, आणि कागदोपत्री काका खातेदार नव्हतेच! शेवटी ते डोमेन तिसऱ्याच कुणीतरी घेतलं. पाटीवर, कार्डांवर छापलेला पत्ता गेला. तोही ऐन मे महिन्याच्या सीझनमध्ये.

तेव्हापासून माझे तीन नियम आहेत.

एक, डोमेन आणि होस्टिंग क्लायंटच्याच खात्यात, त्यांच्याच ईमेलवर. पैसेही त्यांनीच भरायचे. मी फक्त शेजारी बसून मदत करतो.

दोन, काम संपलं की सगळे पासवर्ड, बॅकअप आणि कुठली गोष्ट कधी रिन्यू करायची याची यादी मराठीत लिहून देतो.

तीन, उद्या दुसऱ्या कुणालाही पुढे नेता येईल अशाच गोष्टी वापरायच्या. वर्डप्रेस ओपन सोर्स आहे. मराठी मजकुरासाठी मी बहुतेक वेळा एक टाइपचा 'मुक्त' फॉन्ट घेतो. त्याचं लायसन्स खुलं आहे, माझ्या खरेदीवर काही अडत नाही.

मित्र म्हणतात, "अरे, पैसे बुडवले तर? डोमेन हातात असलेलं बरं." त्यावर उपाय वेगळा आहे. अर्धे पैसे आगाऊ घ्या. साइट आधी आपल्या टेस्ट पत्त्यावर दाखवा. उरलेले पैसे आले की त्यांच्या डोमेनवर चढवा. आपलं काम आपण रोखून धरू शकतो; त्यांचं नाव नाही.

याची किंमत मोजावी लागते, हेही सांगतो. गेल्या वर्षी दोन क्लायंट एजन्सीकडे गेले. चाव्या त्यांच्याकडेच होत्या, त्यामुळे एका दुपारीत सगळं हललं. ते परत आले नाहीत, आणि महिन्याची मेन्टेनन्सची रक्कम कमी झाली ती झालीच. पण आज जे माझ्याकडे आहेत, ते अडकलेत म्हणून नाहीत, एवढं मला नक्की माहीत आहे. म्हणूनच दर वाढवताना मी त्यांच्या नजरेला नजर देऊन बोलू शकतो.

तर आज एक काम करा. घरच्या दुकानाची, मामाच्या क्लासची, कुणाचीही वेबसाइट असेल, तर एवढंच विचारा: डोमेन कुणाच्या ईमेलवर आहे? उत्तर "त्या पोराला माहीत असेल" असं आलं, तर त्या पोराला आजच फोन लावा.

भेटू पुढच्या भागात!