कवळीचे दात निवडताना

'दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत,' असे आपण सहज बोलून जातो. पण ह्या म्हणीचा उत्तरार्ध ज्याच्या वाट्याला खरोखरच येतो, त्याला ती हसण्यावारी नेता येत नाही. आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यात जेवण म्हणजे मुख्यतः भाकरी. बाजरीची असो की ज्वारीची. सोबत ठेचा, शेंगदाण्याची चटणी आणि थंडीच्या दिवसांत हुरडा. दात गेले की माणूस आधी ह्या ताटाला मुकतो, मग पंगतीला, आणि हळूहळू चारचौघांत बोलायलाही संकोचू लागतो. तेव्हा कवळी ही काही म्हातारपणाची हौस नव्हे. ती गरज आहे.

असे असूनही पुष्कळ घरांत कवळी तोंडात नसते, फडताळातल्या डबीत असते. विचारलं, तर आजी सांगतात, "टोचते." आजोबा म्हणतात, "बोलता येत नाही." आणि कोणी हळूच असंही म्हणतं, "आरशात तोंड माझं वाटत नाही." टोचण्याचे कारण बहुधा मापात असते आणि ते घासून दुरुस्त करता येते. पण तोंड परके वाटते, ते दातांच्या निवडीमुळे. आता ही निवड केलेली असते कोणी? मुलाने म्हटलेले असते, "डॉक्टर, चांगले पांढरेशुभ्र बसवा." सुनेने मान डोलावलेली असते. ज्यांच्या तोंडात ते दात बसायचे, त्यांना कोणी विचारलेलेच नसते!

तेव्हा श्रोतेहो, आज मला सांगायचे आहे ते एवढेच, की कवळीचे दात ज्याचे त्याने निवडावेत, आणि ते कसे निवडायचे हे आधी थोडे समजून घ्यावे.

एके काळी ह्या निवडीला फारसा वावच नव्हता. युरोपात हस्तिदंताचे, पाणघोड्याच्या दाताचे, इतकेच काय, मेलेल्या माणसांचे दातही वापरीत. १८१५ साली वॉटर्लूच्या रणांगणावर पडलेल्या तरुण शिपायांचे दात काढून विकले गेले, आणि अशा दातांना पुढे 'वॉटर्लूचे दात' असे नावच पडले. अमेरिकेचे पहिले अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन ह्यांचे दात लाकडाचे होते असे सांगतात, ते खरे नाही. ते हस्तिदंत, धातू आणि माणसांचे व जनावरांचे दात मिळून केलेले होते. अशा दातांना लवकरच घाण येई. ह्याच त्रासाला कंटाळून दुशातो नावाच्या एका फ्रेंच औषधविक्रेत्याने १७७४च्या सुमारास चिनी मातीची कवळी करवून घेतली. पुढे विसाव्या शतकात, १९३७च्या सुमारास, ॲक्रिलिक आले आणि कवळी हलकी व स्वस्त झाली. आज दंतवैद्यापुढे आकाराचे, मापाचे आणि रंगाचे नाना प्रकारचे दात असतात. म्हणजे अडचण आता टंचाईची राहिली नाही, निवडीची आहे.

पूर्ण कवळीत सामान्यतः अठ्ठावीस दात असतात. अक्कलदाढा बसवीत नाहीत. ह्यांतले वरचे सहा आणि खालचे सहा हे पुढचे दात चेहऱ्यासाठी नि बोलण्यासाठी, आणि बाकीच्या सोळा दाढा चावण्यासाठी. दोहोंची निवड वेगवेगळ्या कसोटीवर करायची असते.

पुढच्या दातांचे माप चेहऱ्यावरूनच काढतात. ओठांचे कोपरे आणि नाकपुड्यांची रुंदी ह्यांवरून वरच्या सहा दातांनी किती जागा व्यापावी ह्याचा अंदाज येतो. आकाराविषयी १९१४ साली लिऑन विल्यम्स ह्यांनी एक मजेदार नियम सांगितला: वरचा मधला दात उलटा धरला, तर त्या माणसाच्या चेहऱ्याची ठेवण त्यात दिसते. चौकोनी चेहऱ्याला चौकोनी दात, निमुळत्याला निमुळता, लांबट गोलाला तसाच. पुढे मोजमापे झाली, तेव्हा निसर्ग हा नियम नेहमी पाळतोच असे दिसले नाही. तरी सुरुवात करायला तो बरा. त्याहून खात्रीचा पुरावा आपल्या घरातच असतो. लग्नातला एखादा हसरा फोटो असेल, तर तो दंतवैद्याकडे अवश्य न्यावा. पुढचे दात काढायचेच असतील, तर काढण्यापूर्वी त्यांचा ठसा घ्यायला सांगावे. मुलीचे किंवा भावाचे दात आपल्यासारखे असतील, तर त्यांनाही बरोबर न्यावे.

खरी फसगत होते ती रंगात. आपल्याकडे दातांना कुंदकळ्यांची उपमा देतात. पण साठी-सत्तरीच्या तोंडात कुंदकळ्या शोभत नाहीत. वय वाढते तसे दातावरचे कवच झिजते, आतला पिवळसर थर दाट होतो आणि दात किंचित काळवंडतात. त्यांच्या कडाही घासून सपाट होतात. सुरकुतलेल्या, उन्हाने रापलेल्या चेहऱ्यावर दुधासारखे दात बसवले, तर पाहणाऱ्याची नजर प्रथम दातांवरच जाते. रंग निवडायचा तो दिवसा, खिडकीजवळ, नमुन्याचा दात ओला करून आणि ओठांपाशी धरून. फार वेळ टक लावून पाहू नये. डोळे थकतात आणि सगळे रंग सारखेच दिसू लागतात. एखादा दात किंचित तिरका, एखादी कड थोडी झिजलेली, हे मागून घेता येते. अशा बारीक उणिवांमुळेच कवळी कवळीसारखी दिसत नाही.

आता सर्वांत महत्त्वाची पायरी. कवळी पक्की होण्यापूर्वी निवडलेले दात मेणात बसवून तोंडात घालून दाखवतात. ह्या दिवशी घाई करू नका. मेणातला दात सरकवता येतो, बदलता येतो. कवळी पक्की झाल्यावर ते सोपे राहत नाही. आरसा मागा. हसा. आणि मुख्य म्हणजे बोला.

आपली मराठी ह्या कामी फार उपयोगी पडते. आपल्या भाषेत दातांवर अवलंबून असणारे उच्चार पुष्कळ. 'त, थ, द, ध' तर आहेतच. शिवाय आपल्या 'च'चे उच्चार दोन. 'पाच'मधला च वेगळा आणि 'पंचवीस'मधला वेगळा. तेव्हा मेणाचे दात तोंडात असताना 'पाच, पंचवीस' म्हणून पाहा. साठापासून सत्तरापर्यंत आकडे मोजा. 'स' म्हणताना शीळ वाजली किंवा वरचे-खालचे दात एकमेकांवर आपटले, तर तिथल्या तिथे सांगा. मग 'वावर', 'विहीर' म्हणा. 'व' म्हणताना वरच्या दातांची कड खालच्या ओठाला हलकेच लागायला हवी. ओठ खाली दाबला जात असेल, तर दात लांब झाले आहेत.

दाढांचे शास्त्र निराळे. उंचवट्याच्या दाढा अन्न चांगले तोडतात; पण हिरडीचा उंचवटा पुष्कळ झिजला असेल, तर त्यांच्यामुळे खालची कवळी हलते. अशा वेळी सपाट दाढा बऱ्या. दात गेल्यावर जबड्याचे हाड वर्षानुवर्षे झिजतच राहते, आणि खालचे हाड वरच्यापेक्षा बरेच अधिक झिजते. चिनी मातीचे दात झिजत नाहीत, पण आवाज करतात, ठिसूळ असतात आणि समोरचा नैसर्गिक दात घासून काढतात. म्हणून हल्ली बहुधा ॲक्रिलिकचेच वापरतात. दाढा कोणत्याही असोत, नैसर्गिक दातांचा जोर कवळीला येत नाही. भाकरी कालवणात कुस्करून, दोन्ही बाजूंनी सारखी चावून खावी. पुढच्या दातांनी तोडू नये. आणि ऊस? उसाचा रस प्यावा!

एक सावधगिरी. बाजारच्या दिवशी रस्त्यावर बसून तासाभरात दात चिकटवून देणारे लोक भेटतात. उरलेल्या दातांना ते कृत्रिम दात कायमचे चिकटवतात, मग आत अन्न कुजते आणि चांगले दातही जातात. कवळीला चार-पाच खेपा लागतातच. आपल्या जिल्ह्यात लोणीला प्रवरेचे ग्रामीण दंत महाविद्यालय आहे. नगर शहरालगतही दंत महाविद्यालय आहे. अशा ठिकाणी कवळीचा स्वतंत्र विभाग असतो, विद्यार्थी अध्यापकांच्या देखरेखीखाली काम करतात आणि खर्चही बहुधा कमी येतो. कवळी रात्री काढून पाण्यात ठेवावी. मिश्री आणि तंबाखू सोडावी. आणि तोंडातला व्रण दोन आठवड्यांत बरा झाला नाही, तर डॉक्टरांना दाखवावा.

शेवटी घरच्या तरुण मंडळींना एक विनंती. पैसे तुम्ही भरा, खेपांना सोबत जा. पण दात निवडायची वेळ आली, की आरसा आईच्या हाती द्या आणि आपण जरा बाजूला बसा. तिने 'हे नकोत' म्हटले, तर डॉक्टरांना दुसरे दाखवायला सांगा. त्यासाठी एक खेप जास्त पडली तरी चालेल. निदान ती कवळी डबीत तरी पडून राहणार नाही.