डॉक्टर, खर्च किती येईल?

जनावरांच्या दवाखान्यात माझं बहुतेक आयुष्य गेलं. सुरुवातीची वर्षं गाई-म्हशींची आणि बैलांची, नंतरची जास्त करून कुत्र्या-मांजरांची. या दोन प्रकारच्या घरांत मला एक फरक नेहमी जाणवला. म्हैस आजारी पडली की शेतकरी पहिल्याच वाक्यात विचारतो, "डॉक्टर, खर्च किती येईल?" आणि हे विचारताना त्याचा हात म्हशीच्या पाठीवरून फिरत असतो. फ्लॅटमधून कुत्रं घेऊन आलेली माणसं हा प्रश्न विचारत नाहीत. तपासणी होते, रक्त काढून होतं, सलाईन लागतं, एक्स-रे होतो, आणि मग घरातलं कोणीतरी दाराशी थांबून, खालच्या आवाजात, अपराधी चेहऱ्याने तो विचारतं.

आज मी त्याच प्रश्नाविषयी बोलणार आहे. पैशाचं विचारलं म्हणजे माया कमी, अशी एक समजूत आपल्या घराघरांत बसली आहे आणि तिच्यामुळे मुक्या जनावरांचे हाल होतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. हा प्रश्न लवकर विचारला पाहिजे. खरं तर पिल्लू घरी येण्याआधीच विचारला पाहिजे.

पिल्लू घेताना माणसं भाव करतात तो पिल्लाचा. लॅब्राडोर पंधरा हजाराला की अठरा हजाराला, यावर आठवडाभर चर्चा चालते. आता हा हिशेब पाहा. पूर्ण वाढलेला लॅब्राडोर साधारण तीस किलोचा असतो. त्याला रोज चारशे ग्रॅम कोरडं खाद्य लागतं असं धरा, म्हणजे महिन्याला बारा किलो. किलोला अडीचशे रुपये धरले तर महिन्याचे तीन हजार, वर्षाचे छत्तीस हजार. तो बारा वर्षं जगला तर नुसत्या खाण्याचे चार लाख बत्तीस हजार रुपये होतात. यात लस नाही, औषध नाही, डॉक्टर नाही. पिल्लाच्या किमतीत केलेली दोन-तीन हजारांची घासाघीस या आकड्यापुढे कुठेच दिसत नाही. कोणी घाबरून जावं म्हणून मी हे सांगत नाही. रस्त्यावरचं गावठी पिल्लू आणलं तर विकत घ्यायचा खर्च शून्य, त्याचा आहारही कमी, आणि आपल्या हवेत ते हस्की किंवा सेंट बर्नार्डपेक्षा कितीतरी सुखात राहतं. नागपूरच्या मे महिन्यात हस्की पाळायचा तर दिवसभर एसी चालू ठेवावा लागतो. ते वीजबिलही त्याच्या खर्चात धरायला हवं.

घरचं अन्न देऊन हा खर्च कमी होतो का? होतो, पण दूध-पोळीवर कुत्रं वाढवता येत नाही. वाढत्या पिल्लाला नुसती दूध-पोळी किंवा नुसतं वाफवलेलं चिकन आणि भात दिला, की काही महिन्यांत पुढचे पाय वाकडे झालेलं पिल्लू माझ्या टेबलावर येतं. त्याला कॅल्शियम आणि फॉस्फरस यांचं योग्य प्रमाण लागतं. अंडी, मांस, डाळ, भाज्या असं घरचं अन्न उत्तम असतं, फक्त ते डॉक्टरांकडून एकदा नीट लिहून घ्यावं. कांदा, लसूण, मनुका, द्राक्षं आणि चॉकलेट मात्र त्याच्या ताटात कधीच नको. शिजवलेली हाडंही नकोत. ती चिरफळून आतड्याला भोकं पाडतात.

आता लसींबद्दल. पार्व्हो नावाचा विषाणूजन्य रोग पिल्लांना होतो. उलट्या, रक्ताचे जुलाब, आणि दोन-तीन दिवसांत पिल्लू हातचं जातं. त्याची लस दीड-दोन महिन्यांच्या वयापासून सुरू करून चार महिन्यांपर्यंत ठरावीक अंतराने द्यायची असते. सगळे डोस मिळून जो खर्च येतो, त्याच्या कितीतरी पट खर्च पार्व्हो झालेल्या पिल्लाला सलाईनवर ठेवण्याचा होतो, आणि एवढं करूनही ते वाचेल याची खात्री देता येत नाही. एक डोस चुकवून पैसे वाचवले असं ज्यांना वाटतं, त्यांना ते फार महागात पडतं. रेबीजविषयी तर बोलायला नको. 1885 मध्ये लुई पाश्चर यांनी पहिल्यांदा माणसाला त्याची लस दिली, तरी लक्षणं दिसू लागल्यावर या रोगावर आजही उपाय नाही. कुत्र्याला तीन महिन्यांनंतर पहिली लस आणि मग डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे दर वर्षी. 28 सप्टेंबर हा पाश्चर यांचा स्मृतिदिन जागतिक रेबीज दिन म्हणून पाळतात. त्या सुमारास अनेक ठिकाणी मोफत लसीकरणाची शिबिरं होतात. ज्यांचं मांजर, कुत्रं लसीवाचून राहिलं असेल त्यांनी तो दिवस लक्षात ठेवावा.

पावसाळ्यात लेप्टोची भीती असते. उंदरांचं मूत्र मिसळलेल्या साचलेल्या पाण्यातून हा रोग कुत्र्यांनाही होतो आणि माणसांनाही. 2005 च्या महापुरानंतर मुंबईने तो किती भोगला, हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. गोचिडांचा त्रास तर आपल्याकडे बाराही महिने. गोचिडांमुळे येणाऱ्या तापात कुत्रं खाणं सोडतं, हिरड्या पांढऱ्या पडतात, कधी नाकातून रक्त येतं. वेळेत कळलं तर औषध साधं आहे, फक्त ते बरेच दिवस न चुकता द्यावं लागतं. दोन दिवसांत कुत्रं जेवायला लागलं की माणसं गोळ्या थांबवतात. मग ताप उलटतो आणि पुन्हा रक्ततपासणी, पुन्हा सलाईन. अर्धवट उपचार हा माझ्या मते सगळ्यांत महागडा उपचार आहे.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगतो. मांजराला ताप वाटला म्हणून घरातली पॅरासिटामॉलची गोळी देऊ नका. अर्धीसुद्धा नको. मांजराच्या शरीरात ते औषध पचवण्याची सोयच नाही. रक्त काळपट होतं, तोंड सुजतं, आणि तासांच्या हिशेबात जीव जातो. बोका वारंवार मातीच्या ट्रेमध्ये जाऊन बसत असेल, कुंथत असेल आणि काही होत नसेल, तर त्याला बद्धकोष्ठ झालं म्हणून एरंडेल पाजत बसू नका. बहुतेक वेळा त्याची लघवी अडलेली असते. सकाळपर्यंत थांबू नका.

नसबंदीचा विषय निघाला की घरातली वडीलधारी माणसं नाराज होतात. निसर्गाच्या विरुद्ध कशाला, असं म्हणतात. त्यांच्या भावनेचा मी आदर करतो. पण नसबंदी न झालेल्या, वय झालेल्या कुत्रीच्या गर्भाशयात पू होतो तेव्हा काय होतं, हे मी पाहिलं आहे. माजावरून गेल्यावर महिना-दीड महिन्याने ती पाणी फार पिऊ लागते, मलूल होते, आणि मग रात्री-अपरात्री तिला शस्त्रक्रियेसाठी घ्यावं लागतं. ठरवून, धडधाकट असताना केलेल्या शस्त्रक्रियेपेक्षा हिचा खर्च कितीतरी जास्त आणि धोकाही जास्त.

पैशाशिवायचा एक खर्च असतो, तो माणसाचा. घरातला मुलगा बारावीनंतर हट्ट करून कुत्रा आणतो. पुढे तो नोकरीला बंगळुरूला जातो, नाहीतर शिकायला जर्मनीला. कुत्रा राहतो साठीच्या आईवडिलांकडे. सकाळी साडेपाचला गुडघे धरून त्याला खाली नेणारे बाबा मी रोज पाहतो. त्यांचं त्या जीवावर प्रेम असतं, पुष्कळ असतं. तरी मुलांनी एवढं तरी करावं: दर महिन्याला त्या कुत्र्याच्या नावाने घरी पैसे पाठवावेत, आणि सुट्टीला येतील तेव्हा लसीकरणाचं कार्ड उघडून पाहावं. गणपतीला गावी जायचं तर कुत्रा कोणाकडे, हा प्रश्न या घरांत जून महिन्यापासून सुरू होतो. बोर्डिंगचे दर दिवसावर असतात. रेल्वेने सोबत न्यायचा तर प्रथम वर्ग वातानुकूलित डब्यातली अख्खी कूपे घ्यावी लागते, नाहीतर गार्डच्या डब्यातल्या पेटीत त्याला एकटं पाठवावं लागतं. मग कित्येक जोडप्यांतला एकजण गावी जातो आणि एकजण घरी थांबतो. वर्षानुवर्षं दोघांनी मिळून कुठे जाणं होत नाही.

हे सगळं झेपेनासं झालं की काही माणसं कुत्र्याला गाडीत घालून लांबच्या रस्त्यावर सोडून येतात. 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. कित्येक दशकांपूर्वी ठरलेला तो दंड आजही तेवढाच आहे आणि मला त्याची चीड येते. घरात वाढलेल्या कुत्र्याला रस्त्यावर अन्न शोधता येत नाही. तिथली कुत्री त्याला हद्दीत घेत नाहीत. झेपत नसेल तर डॉक्टरांना सांगा, ओळखीपाळखीत दुसरं घर शोधा. त्यात कमीपणा काही नाही.

आता म्हातारपणाकडे येतो. आठ-नऊ वर्षांनंतर कुत्र्याचे सांधे धरतात, दात खराब होतात, डोळ्यांत मोतीबिंदू होतो, मूत्रपिंडं थकतात. आयुष्यभराच्या औषधोपचाराच्या खर्चातला मोठा भाग या शेवटच्या दोन-तीन वर्षांत होतो, आणि नेमक्या त्याच वेळी घरातली माणसंही निवृत्त झालेली असतात. एसटीतून निवृत्त झालेले एक वाहक आपला गावठी कुत्रा घेऊन माझ्याकडे येत. कुत्र्याची मूत्रपिंडं खराब झाल्याचं निदान झालं, त्याच दिवशी ते मला म्हणाले, "डॉक्टर, मला पेन्शन एवढी येते. तिच्यात बसेल तेवढं सांगा, तेवढं मी नेमाने करीन." त्यांनी सरळ विचारलं म्हणून मलाही सरळ सांगता आलं. रोज दवाखान्यात आणण्याची गरज नव्हती. कातडीखाली सलाईन कसं द्यायचं ते मी त्यांच्या पत्नीला शिकवलं. वहिनींचा हात माझ्यापेक्षा हलका निघाला. त्या कुत्र्याने पुढचा अख्खा उन्हाळा घरच्या ओट्यावर, जेवत-खात काढला.

याच्या उलटही पाहिलं आहे. एका मोठ्या जातीच्या कुत्र्याच्या पायाला हाडाचा कर्करोग झाला. हा रोग पायात दिसतो तोवर बहुतेक वेळा फुप्फुसांपर्यंत पोचलेला असतो. घरातल्या बाईंनी पाटल्या गहाण ठेवून शस्त्रक्रिया करून घेतली. कुत्रा थोड्याच दिवसांत गेला. पाय काढल्याने वेदना थांबतात, हे खरं आहे, आणि कोणी समजून-उमजून तो निर्णय घेतला तर मी त्याच्या बाजूने उभा राहीन. पण आयुष्य किती वाढेल, हे त्या बाईंनी विचारलं नव्हतं आणि कोणी त्यांना सांगितलंही नव्हतं. पुढे कित्येक दिवस त्यांना पाटल्यांपेक्षा त्या जीवाला दिलेला त्रास टोचत राहिला.

म्हणून कोणताही मोठा उपचार सुरू होण्याआधी डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा. हा बरा होणार की नुसता लांबणार? लांबला तर ते दिवस त्याला सुखाचे जातील का? आणि सगळं मिळून किती लागेल? उत्तर ऐकून, "एवढं आम्हाला जमणार नाही, याहून साधा मार्ग आहे का?" असं म्हणायला संकोचू नका. पुष्कळदा असतो. परळ, नागपूर, शिरवळ, परभणी, उदगीर इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या दवाखान्यांत माफक शुल्कात उपचार होतात. परळचं महाविद्यालय तर 1886 पासूनचं. तिथे रांग लागते, थांबावं लागतं, पण काम मन लावून होतं. जिल्हा परिषदेच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांतही कुत्र्या-मांजरांना नेता येतं. विमाही आता मिळतो. मात्र बहुतेक पॉलिसींना वयाची अट असते, तेव्हा जनावर तरुण असतानाच चौकशी करावी. आणि ज्यांना विम्याची कटकट नको, त्यांनी पिल्लू आणलं त्याच आठवड्यात पोस्टात पाचशे रुपयांची आवर्ती ठेव सुरू करावी. ती पाच वर्षांची असते. तीस हजार आणि वर व्याज. ती संपली की पुन्हा नवी. दुसऱ्या ठेवीची मुदत पुरी होईल तेव्हा कुत्रा दहा वर्षांचा झालेला असेल आणि पैसे नेमके लागतील तेव्हा हाताशी असतील.

शेवटचं बोलणं माझ्या व्यवसायबंधूंशी आहे. माणसांना पैशाचं विचारायची लाज वाटते, हे आपल्याला ठाऊक आहे. मग आपणच आधी सांगू या. दवाखान्यात नेहमीच्या कामांचे दर ठळक अक्षरांत लावू या. मोठ्या उपचाराआधी अंदाजपत्रक कागदावर लिहून देऊ या, आणि त्यात महागड्या मार्गाच्या शेजारी साधा मार्गही लिहू या. बरं होण्याची आशा नसेल तर तेही त्याच कागदावर लिहावं, आणि घरच्यांना तो घरी नेऊन रात्रभर विचार करू द्यावा.