चांदण्याला काळोख लागतो

चामोर्शीत राहून समुद्रावरच्या चांदण्याविषयी बोलायचं म्हणजे धाडसच. आपलं मोठं पाणी वैनगंगेचं. मार्कंड्याच्या यात्रेला आपण तिच्या काठी जातो, पण ती महाशिवरात्रीची; तेव्हा रात्रभर काळोखच. ईदचा चंद्र आम्ही डोळे ताणून शोधतो, तर ती कोर अंगणही उजळत नाही. खरं चांदणं पाहावं बुद्धपौर्णिमेला, जंगलातल्या पाणवठ्यावर. मचाणावर बसलेल्यांना ठाऊक आहे, आलेला प्राणी आकारावरून ओळखायचा. रंग दिसत नाहीत. मंद उजेडात माणसाच्या डोळ्याला रंग कळत नाहीत.

मग रंगांनी चांदणं रंगवायचं कसं? एकोणिसाव्या शतकात युरोपातले अनेक चित्रकार या कोड्यामागे लागले. जर्मनीच्या कास्पार डेव्हिड फ्रिडरिखनं १८२२ मध्ये समुद्रावरचा चंद्रोदय रंगवला. खडकावर तिघं पाठमोरी बसली आहेत, समोरून जहाजं येताहेत. क्रिमियातल्या इव्हान आयवाझोव्हस्कीनं (१८१७–१९००) आयुष्यभर समुद्र रंगवला, तोही बहुतेक खोलीत बसून, आठवणीतून. लाट काही चित्रकारासाठी थांबत नाही, ती मनात साठवावी लागते, असं त्याचं मत.

अर्खिप कुइंजीनं तर नदीच निवडली. १८८० मध्ये त्यानं सेंट पीटर्सबर्गला एकाच चित्राचं प्रदर्शन भरवलं : नीपर नदीवरची चांदणी रात्र. खिडक्यांना पडदे, चित्रावर दिव्याचा झोत. पाण्याचा पट्टा असा चमके की, मागे दिवा लपवलाय का, हे लोक वाकून पाहत. मागे काही नव्हतं. चित्राचा बहुतेक भाग त्यानं गडद ठेवला होता. त्या काळोखामुळे थोडासा उजेड झळाळत होता.

एका राजपुत्रानं ते चित्र विकत घेतलं आणि दुसऱ्यांचा सल्ला न ऐकता समुद्रप्रवासाला सोबत नेलं. खारी, दमट हवा लागली, त्यात रंगही टिकाऊ नव्हते. चित्र काळवंडत गेलं.

आपल्याकडे उलटं घडतंय. चौकात हायमास्टचे दिवे आले. साप-विंचवांच्या मुलखात ते हवेतच. पण त्यांच्याखाली पौर्णिमा आली कधी, गेली कधी, कळत नाही. नदीकाठी तरी थोडा काळोख राहू द्यावा.

येत्या पौर्णिमेला चौघं मिळून वैनगंगेवर जा. विजेऱ्या बंद करा, डोळ्यांना वीस-पंचवीस मिनिटं सरावू द्या. पाण्यावरचा चंदेरी पट्टा थेट तुमच्या पायाशी आलेला दिसेल. शेजारच्यालाही विचारा. त्याला तो त्याच्याच पायाशी आलेला दिसत असेल.