जुना लेथ गावात आणताना



पूर्णा तालुक्यातले ताडकळस आपल्यापैकी पुष्कळांच्या पायाखालचे गाव आहे. भोवताली काळीभोर जमीन, कापूस, सोयाबीन, पाण्याची सोय असेल तिथे ऊस. अशा गावात आता बैलांच्या जोडीला, खरे म्हणजे बैलांपेक्षा जास्तच, यंत्रे राबतात. ट्रॅक्टर आहे, रोटाव्हेटर आहे, मळणीयंत्र आहे, विहिरीवर पंप आहे. यंत्र आले की ते झिजणार आणि तुटणारच. तुटलेले जोडून देणारा वेल्डिंगवाला गावात मिळतो. पण ट्रॉलीच्या चाकातला बुश गेला, पंपाचा शाफ्ट खाल्ला गेला, तर ते काम वेल्डिंगने भागत नाही. त्याला लेथच लागतो. मग शाफ्ट मोटारसायकलला बांधून परभणी नाहीतर नांदेड गाठायचे, तिथे नंबर लावायचा, आणि इकडे मळणी खोळंबलेली, आभाळ भरून आलेले!

म्हणून गावातला एखादा आयटीआय झालेला तरुण, किंवा लोहाराच्या घरातला मुलगा, जुना लेथ घ्यायचे मनात आणतो. घरातले किडुकमिडुक मोडून तो पैसा उभा करतो. हा पैसा बुडू नये, आणि मशीन उतरवताना कुणाचा पाय जायबंदी होऊ नये, एवढ्यासाठी आज मी आपल्याशी बोलणार आहे. गावात अशा वेळी गुरुजींचा सल्ला विचारतात, तेव्हा शिक्षकांनीही हे ऐकावे.

लेथ म्हणजे काय, हे थोडक्यात सांगतो. कुंभाराचे चाक आडवे फिरते. तेच उभे करून त्यात लोखंड धरले आणि बोटांच्या जागी पोलादी हत्यार लावले, की लेथ झाला. फरक एवढाच की कुंभाराचा हात कलेने चालतो, आणि लेथचे हत्यार एका सरळ बेडवरून, मळसूत्राच्या जोरावर, मोजून सरकते. लंडनच्या हेन्री मॉडस्ले या कारागिराने सन 1800 च्या सुमारास असा आटे पाडणारा लेथ पूर्णत्वास नेला. आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 साली कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसवली आणि लोखंडी नांगर केले, ते अशाच यंत्रांच्या बळावर. पुढे 1941 साली हरिहरला मैसूर किर्लोस्कर हा कारखाना निघाला. तिथले लेथ देशभर गेले. तो कारखाना बंद पडला, पण त्याचे लेथ अजून चालत आहेत. बंगळूरच्या एचएमटीचे, पंजाबातल्या बटाल्याचे, राजकोटचे, असे जुने लेथ बाजारात येतात. माझे मत विचाराल तर हलक्या, पातळ बिडाच्या नव्या लेथपेक्षा भारदस्त बिडाचा जुना लेथ बरा. मात्र तो पारखून घेतला पाहिजे.

पारखायचे कसे? रंगाकडे बघू नका. विकणारा पहिल्यांदा रंगच देतो. सगळे मोल बेडमध्ये आहे, कारण चक, गिअर, मोटार हे बदलता येते. झिजलेला बेड सरळ करायला मोठे मशीन लागते, आणि तो खर्च लेथच्या किमतीला जाऊन भिडतो. बहुतेक काम चकच्या जवळच्या हात-दीड हातात होते. म्हणून बेड तिथेच झिजतो. त्या जागी बेडच्या कडेवरून नख फिरवा. पायरी लागली तर झीज समजा. नंतर कॅरेज चकजवळ आणून तिथे त्याचा ढिलेपणा बेताचा राहील असे आवळा, आणि हाताने टेलस्टॉककडे न्या. मध्येच घट्ट होऊन अडले, तर चकजवळचा भाग खाली गेला आहे. थोडी झीज प्रत्येक जुन्या लेथमध्ये असणार, तेवढ्याने सौदा मोडू नये. ट्रॉलीचा बुश करायला ती आड येत नाही. चकखाली लाकडी दांडा घालून उचलून पाहा, स्पिंडल हलते का. मशीन चालू करायला लावा, सगळ्या वेगांवर चालवून गिअरचा आवाज ऐका. विक्रेता म्हणाला, "वीज नाही, पण मशीन चांगले आहे," तर वीज येईपर्यंत चहा घेत बसा.

आणि सुटे गिअर मोजून घ्या. हे पुष्कळजण विसरतात. आटे पाडायचे ते याच गिअरांच्या जोरावर. शिक्षकांसाठी इथे एक सुंदर गणित आहे. लेथच्या लीड स्क्रूवर इंचाला 4 आटे आहेत आणि आपल्याला इंचाला 8 आटे पाडायचे आहेत. म्हणजे काम दोन फेरे घेईल तेव्हा लीड स्क्रूने एक फेरा घ्यायचा. तेव्हा स्पिंडलकडे 30 दातांचा आणि लीड स्क्रूवर 60 दातांचा गिअर लावला की झाले. जुने लेथ बहुधा इंचाचे. त्यांच्यावर मिलिमीटरचे आटे पाडायचे तर 127 दातांचा एक विचित्र गिअर लागतो. 127च का? एका इंचाचे 25.4 मिलिमीटर होतात, आणि पाच इंचांचे बरोबर 127. त्रैराशिक कशाला शिकायचे असे विचारणाऱ्या मुलाच्या हातात हा गिअर द्यावा. आजचे बहुतेक नटबोल्ट मिलिमीटरचे असल्याने हा गिअर सौद्यात आहे की नाही, हे आधी पाहा.

आता वाहतूक. पाच-सहा फुटी लेथचे वजन पाऊण टनापासून दीड टनापर्यंत भरते, आणि ते सारखे वाटलेले नसते. हेडस्टॉककडे जास्त, शिवाय वरच्या अंगाला जास्त. त्यामुळे लेथ पोत्यासारखा बसत नाही, डोक्यावर घागर घेतलेल्या माणसासारखा डोलतो. सुटणारा भाग, म्हणजे चक, टेलस्टॉक, मोटार, आधी काढून वेगळा बांधा. लेथचे पाय दोन जाड लाकडी ओंडक्यांना बोल्टने पक्के आवळा. उचलताना दोर किंवा पट्टा बेडखालून घ्या. पुढच्या बाजूच्या लांब दांड्यांवर, म्हणजे लीड स्क्रूवर, त्याचा भार आला तर त्या वाकतात आणि मशीन गावात पोचायच्या आधीच अर्धे मेले. कॅरेज मागेपुढे सरकवून तोल साधता येतो. ट्रॉलीत चारी बाजूंनी बांधा आणि रस्त्यावरच्या गतिरोधकांची आठवण ठेवा.

उतरवायला चेनपुली किंवा क्रेन मिळाली तर पैसे वाचवू नका. नाहीच मिळाली तर फळ्यांच्या उतारावर पाइपांचे रूळ घालून, मागून दोर धरून, वीत वीत सोडा. ज्या बाजूला मशीन घसरेल त्या बाजूला एकही माणूस उभा राहू देऊ नका. कलते आहे असे दिसले तर हात लावून सावरायचा मोह होतो, तो आवरा. लेथ पुन्हा दुरुस्त होईल, हाताचे तसे नाही. या वेळी हुकूम एकानेच द्यायचा, आणि बघ्यांना लांब ठेवायचे. ताडकळसला काय किंवा आणखी कुठे काय, अशा वेळी अर्धे गाव सल्ला द्यायला जमते.

मंडळी, मशीन शेडमध्ये आले म्हणजे लेथ बसला असे नव्हे. आपल्या भागात खरे काम इथून सुरू होते, आणि त्याचे कारण आपली काळी जमीन. पावसात ही माती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिला हात जाईल अशा भेगा पडतात. घराच्या भिंतींना तिरप्या चिरा जातात, त्या यामुळेच. आता या जमिनीवर नुसता कोबा करून लेथ ठेवला, तर एक पाय वर येईल, दुसरा खाली जाईल, आणि बेडला पीळ बसेल. तुम्ही म्हणाल, एवढे जाड बीड, त्याला कसला पीळ? डोळ्याला दिसत नाही, पण केसाच्या जाडीएवढा पीळसुद्धा कामात उतरतो. शाफ्ट एका टोकाला जाड, दुसऱ्या टोकाला बारीक होतो, आणि बेअरिंग बसत नाही.

उपाय असा. लेथच्या जागेची काळी माती मुरूम लागेपर्यंत काढा. मुरूम फारच खोल असेल तर निदान तीन फूट माती काढून, मुरमाचे थर पाणी मारून ठोकत भरा. त्यावर सळई घातलेल्या काँक्रीटचा एकच अखंड ठोकळा घाला. प्रत्येक पायाखाली वेगळा ठोकळा मुळीच करू नका. एकच ठोकळा असेल तर जमीन हलली तरी सगळा लेथ एकत्र कलतो, पिळवटत नाही. जहाजावरही लेथ असतात, तिथे कसली पातळी? तरी काम नीट होते, कारण बेडला पीळ नसतो. काँक्रीटला तीन आठवडे पाणी द्या, मगच मशीन चढवा. शेडच्या पन्हाळीचे पाणी पायाशी साचू देऊ नका.

पातळी बघायला गवंड्याची पट्टी चालणार नाही. मशीनची स्पिरिट लेव्हल लागते, तिचा बुडबुडा मीटरला दोन शतांश मिलिमीटरचा फरक दाखवतो. ती विकत घ्यायची गरज नाही, जवळच्या आयटीआयमध्ये विनंती करून पाहा. बेडवर आडवी धरून आधी चकच्या टोकाला, मग टेलस्टॉकच्या टोकाला बघा. दोन्हीकडे बुडबुडा सारखाच बसेपर्यंत पायांखाली पातळ पत्रे सरकवा. नंतर खात्री करून घ्या. दीड इंची सळई चकमध्ये धरा, टेलस्टॉकचा आधार देऊ नका, आणि एकमेकांपासून सहा इंचांवरच्या दोन जागा हत्याराचे माप न बदलता अगदी हलक्या हाताने कातून घ्या. मायक्रोमीटरने मोजा. बाहेरची जागा जाड भरली तर टेलस्टॉककडचा पुढचा, म्हणजे आपल्या बाजूचा, पाय किंचित उचला. बारीक भरली तर उलट. या खटाटोपात एक दिवस जातो, तो जाऊ द्या.

वीज जोडताना एक धोका सांगतो. पुष्कळ जुन्या लेथमध्ये चक आट्यांवर बसवलेला असतो. थ्री-फेजच्या दोन तारा अदलाबदल झाल्या तर मोटार उलटी फिरते, आणि चक आट्यांवरून सुटून अंगावर येऊ शकतो. म्हणून पहिली चाचणी चक काढून घ्या. फिरण्याची दिशा उलटी असेल तर कोणत्याही दोन तारा बदलाव्यात. अर्थिंग आणि ओव्हरलोडचा स्टार्टर हवाच. शेतीपंपाच्या जोडणीवर लेथ चालवणे नियमात बसत नाही, आणि त्या वाहिनीवर थ्री-फेज ठरावीक तासच असते; तेव्हा महावितरणकडे वेगळी जोडणी मागा, आणि ती मिळेल याची चौकशी मशीन घेण्याआधी करा.

काम करताना गळ्यात उपरणे नको, लांब बाही नको, हातमोजेही नकोत. चकची चावी चकमध्ये विसरली नि बटण दाबले, तर ती गोफणीतल्या दगडासारखी सुटते. लोखंडाचा कीस हाताने ओढू नका, त्याला आकडा ठेवा.

बेड रॉकेलने पुसा, पॉलिश पेपरने घासू नका. त्याची कच खाचेत बसून बेड खाते. पावसाळ्यात रोज संध्याकाळी तेलाचा हात फिरवावा, नाहीतर सकाळी तांबूस झाक दिसेलच. आणि दोन जागा कातून मोजायची ती परीक्षा वर्षातून दोनदा पुन्हा घ्या, एकदा पोळ्याच्या सुमारास जमीन भिजून फुगलेली असताना, आणि एकदा होळीनंतर भेगा पडू लागल्या की. दोन्ही वेळची मापे तारखेसह शेडच्या भिंतीवर खडूने लिहून ठेवा. दोन वर्षांची मापे शेजारी शेजारी आली, की ठोकळा किती हलतो आणि पत्रे कुठे घालायचे, ते भिंतीवर वाचता येईल.