स्थिर डेबियनमधील ब्राउझर

डेबियन या लिनक्स वितरणाच्या स्थिर आवृत्तीचा नियम कडक आहे. ती एकदा प्रसिद्ध झाली की तिच्यातील पॅकेजे गोठतात. पुढे सुरक्षेतील त्रुटी सापडली, तर तेवढीच दुरुस्ती उचलून जुन्या कोडवर बसवायची. नवी आवृत्ती घ्यायची नाही. सर्व्हर सांभाळणाऱ्यांचा डेबियनवरचा भरवसा या नियमामुळेच आहे. वेब ब्राउझर मात्र त्यात बसत नाही.

फायरफॉक्सचा कोड लक्षावधी ओळींचा आहे आणि दर महिन्याला हलतो. वर्षभरापूर्वीच्या कोडवर आजची दुरुस्ती बसवायला गेले, तर आजूबाजूची रचनाच बदललेली असते. शिवाय गंभीर त्रुटींचा तपशील फायरफॉक्स बनवणारी मोझिला काही काळ झाकून ठेवते. म्हणून स्थिर शाखेत २०१२ पासून निघणारी दीर्घ मुदतीची आवृत्ती, म्हणजे ईएसआर, दिली जाते. तीही साधारण वर्षाने संपते, डेबियनची आवृत्ती त्याहून अधिक जगते. जून २०२३ मध्ये आलेल्या ‘बुकवर्म’ या आवृत्तीने ईएसआर १०२ ने सुरुवात केली आणि पुढे ११५, मग १२८ स्वीकारली. नियम मोडावा लागतोच. फक्त तो वर्षातून एकदा आणि सांगून मोडला जातो.

खरी झुंज ब्राउझरशी नसते, कंपायलरशी असते. २०१७ पासून फायरफॉक्स बांधायला रस्ट ही प्रोग्रामिंग भाषा अनिवार्य झाली. बुकवर्ममध्ये रस्ट १.६३ गोठलेली, नव्या ईएसआरला तिच्या पुढची हवी. रस्टचा कंपायलर रस्टमध्येच लिहिलेला असल्याने तो बांधायला आधीची रस्ट लागते, शिवाय साजेशी एलएलव्हीएम ही कंपायलर-चौकट. मूळ कंपायलर बदलला तर इतर पॅकेजांना धक्का बसेल. म्हणून केवळ ब्राउझरसाठी वेगळे रस्ट पॅकेज स्थिर शाखेत आणले जाते. एका पॅकेजच्या अद्ययावतीकरणामागे अशी दोन-तीन पॅकेजे ओढली जातात. हे जमले नाही तर काय होते, ते डेबियनच्या जुन्या ‘व्हीझी’ आवृत्तीने दाखवले: तिचा जीसीसी ४.७ हा कंपायलर क्रोमियम ब्राउझरला पुरेना, आणि जानेवारी २०१५ मध्ये त्या आवृत्तीतील क्रोमियमचा सुरक्षा-आधार बंद करावा लागला.

वापरणाऱ्याला यातले काही दिसत नाही. त्याला ब्राउझरचे मोडलेले विस्तार (एक्स्टेन्शन) दिसतात. २०१८ मध्ये ईएसआर ५२ वरून ६० वर उडी मारताना जुन्या पद्धतीचे सारे विस्तार एकदम निकामी झाले, आणि स्थिर म्हणवणाऱ्या शाखेत हे कसे घडले याचे उत्तर पॅकेज सांभाळणाऱ्याला द्यावे लागले. भाषेचेही तसेच. मराठी भाषापॅकेज त्याच स्रोतातून बांधले जाते. त्यामुळे नव्या आवृत्तीतील जी वाक्ये तोवर अनुवादित झालेली नसतील, ती मराठी खिडकीत इंग्रजीच उमटतात.

फायरफॉक्सच्या नावाचा वाद त्या मानाने गाजला फार. व्यापारचिन्हाच्या अटींमुळे, विशेषतः प्रत्येक बदलाला मोझिलाची संमती घेण्याच्या आग्रहामुळे, डेबियनने २००६ मध्ये ‘आइसवीझल’ हे नाव घेतले. २०१६ मध्ये फायरफॉक्स परत आले. कंपायलरचा प्रश्न यातून रेसभरही हलला नाही.

आता उबुंटू २२.०४ पासून फायरफॉक्स फक्त स्नॅप या पॅकेज-प्रकारातून देते आणि २०२४ पासून मोझिला स्वतःच डेब पॅकेजे पुरवते. मग वितरणाने हा भार का वाहावा? उत्तर यंत्रांत आहे. मोझिलाच्या तयार आवृत्त्या मोजक्याच प्रोसेसरांसाठी असतात. पॉवर प्रोसेसरवर डेबियन चालवणाऱ्याला ब्राउझर मिळतो, तो वितरणाने स्वतः स्रोतातून बांधलेला असतो म्हणूनच.